आमची वाटचाल : सहा व्होल्टच्या जिवावर

फेब्रुवारी २००८. पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म, म्हणजे कॅमेऱ्यातून लगेच फोटो देणारी फिल्म, बंद करतोय असं जाहीर केलं तेव्हा आमच्या कपाटात विकायला दुरुस्त करून पुसूनपासून ठेवलेले एकोणीस एसएक्स-७०, पोलरॉइडचे जुने घडीचे कॅमेरे, होते. आणि एसएक्स-७० चं तुम्हाला माहितीये, कॅमेऱ्यात स्वतःची बॅटरी नाहीच, ती फिल्मच्या पॅकमध्ये तळाशी, सहा व्होल्टची चपटी. म्हणजे फिल्म गेली की करंट पण गेला, मोटर नाही की शटर नाही. भागीदाराने त्याच महिन्यात हिशोब मिटवला. त्याचं चुकलं असं म्हणणार नाही, संसार त्यालाही होता, पण जाताना त्याचा मल्टिमीटर माझ्या टेबलावर ठेवून गेला, तो मी आजही वापरतो.

खरं दुखणं पुढेच आहे. आमच्याच लाइनमधल्या एकाने मुदत संपलेले पॅक गोळा केले, वर ‘टेस्टेड’ स्टिकर लावले आणि आमच्या गिऱ्हाइकांना विकले. त्याचं टेस्टिंग म्हणजे काय, तर मीटर लावायचा आणि आकडा बघायचा. अहो, जुनी बॅटरी काही जोडलेलं नसताना सहा दाखवते, मोटरने ओढ घेतली की धाडकन खाली! मी पॅकच्या तळाच्या दोन कॉन्टॅक्टना छोटा सहा व्होल्टचा बल्ब जोडून मीटर बघतो, तेव्हा कळतं. कॅमेरा हलला नाही की लोक माझ्याकडे भांडायला यायचे आणि तो सांगायचा, कॅमेरेच खराब विकलेत. दोन वर्षं गेली त्यात, निम्मी गिऱ्हाइकं गेली, आणि त्याने आजपर्यंत एका शब्दाने कबूल केलेलं नाही.

एक बाई मात्र हलल्या नाहीत. म्हणाल्या, “कॅमेरा चालतो हे मला ठाऊक आहे, फिल्म येईल तेव्हा फोन करा.” इम्पॉसिबल प्रोजेक्ट नावाच्या कंपनीने नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेच्या पोलरॉइडच्या जुन्या कारखान्यात पुन्हा फिल्म बनवली, २०१० ला पहिली आली, ब्लॅक अँड व्हाइट, पॅकमध्ये दहाऐवजी आठच फोटो. फोटो बाहेर पडताना उजेड लागला की वाया जायचा. बाईंनी काळा पुठ्ठा कापून कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरला आणि आठातले पाच चांगले काढले. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं, कामच सुचेना.

मधली वर्षं ठीक गेली. २०१६ ला फुजीने एफपी-१००सी ही इन्स्टंट पॅकफिल्म बंद केली तेव्हा ती वापरणारे पोलरॉइडचे जुने ‘लँड’ कॅमेरे अडले, पण तोवर त्यांच्यासाठी आम्ही बॅटरीचे डबे बनवायचो, साडेचार व्होल्टच्या जुन्या बॅटरीच्या जागी ट्रिपल ए चे तीन सेल, वायर नीट सोल्डर केलेली. जुन्या क्लिपवरचा पांढरा-हिरवा थर आधी व्हिनेगरच्या बोळ्याने काढा, नाहीतर नवे सेल घालूनही काही होणार नाही.

आणि हे पण ऐका. पोलरॉइडची नवी आय-टाइप फिल्म जुन्या ६०० मॉडेलच्या कॅमेऱ्यात घालू नका, तिच्यात बॅटरी नसते. ६०० फिल्म एसएक्स-७० ला वापरायची तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारा फिल्टर, लागतो, नाहीतर फोटो पांढराफटक. पॅक फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही, केमिकलचे पाऊच फुटतात. फोटो दाबून बाहेर काढणारे कॅमेऱ्यातले रोलर प्रत्येक पॅकनंतर पुसा. कोडॅकचा जुना इन्स्टंट कॅमेरा घेऊन येऊ नका, १९८६ ला कोर्टाच्या निकालाने त्यांना हा धंदाच सोडावा लागला, त्याची फिल्म आता कुणी बनवत नाही.

त्या एकोणीसातले तीन उरलेत. पॅक आजही गिऱ्हाइकासमोर बल्बवर लावूनच देतो.