काउंटरवरचं भरलेलं पातेलं

आमच्या काउंटरच्या उजव्या टोकाला तीन लिटरचं एक पातेलं पाण्याने भरून ठेवलेलं असतं. नवखं गिऱ्हाईक पिण्याचं पाणी समजून पेला मागतं. जुनं गिऱ्हाईक खोक्यातून तीन-चार सांडश्या काढतं, एकेक त्या पातेल्याच्या काठाला लावतं आणि उचलून बघतं. पाणी सांडणारच, म्हणून खाली जुनी परात ठेवली आहे. तरी दिवसातून दोनदा फरशी पुसावी लागते आणि दुकानातल्या पोराची त्यावरून रोज कुरकुर असते. पण सांडशी आम्ही आता अशीच विकतो. तशी का विकतो, ते सांगायचं तर दुकानाची सगळी गोष्टच सांगावी लागेल.

दुकान नाशिकच्या भांडी बाजारात. आजोबांनी सुरू केलं तेव्हा माल म्हणजे तांबं आणि पितळ. हंडे, घंगाळं, बंब, पराती. तांबट लेनमधून ठोक्यांचा आवाज यायचा आणि आमच्या ओट्यावर कल्हईवाला भाता घेऊन बसायचा. नवसागराचा तो पांढरा धूर नाकात गेला की अजूनही मला दिवाळी जवळ आल्यासारखं वाटतं. वडिलांच्या काळात स्टील आलं. बायका पितळेची मोड घालायच्या आणि स्टीलचे डबे घेऊन जायच्या. ज्या घरांतून आजोबांनी विकलेले हंडे वडिलांकडे मोडीत आले, त्याच घरांतली नातवंडं आता पितळी हंडा शोकेसमध्ये ठेवायला म्हणून शोधत येतात. आम्हीही तोंडातून चकार शब्द न काढता विकतो.

सगळा व्यवहार किलोवर. सकाळी दुकान उघडायच्या आधी बोहारणी येऊन बसलेल्या असायच्या. जुन्या साड्यांवर कोणतं पातेलं सुटेल, कोणतं महागात जाईल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का. त्यातली एक भांड्याच्या बुडाला नखाने टिचकी मारायची आणि म्हणायची, ‘दादा, ह्याचा पत्रा उतरलाय.’ म्हणजे गेल्या खेपेला अठरा गेजचा होता, आता वीसचा आहे. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. वडील काट्याने वजन करून बघायचे आणि ती बरोबर निघायची.

या सगळ्यात सांडशी कुठे होती? कुठेच नव्हती. कुकर घेतला की सांडशी फुकट. लग्नाचा बस्ता असेल तर सांडशी, चिमटा, गाळणं हे वरकड. आमच्या खतावणीत तिला वेगळी ओळसुद्धा नव्हती, ‘किरकोळ’ या नावाखाली सगळं खपून जायचं. माल घेतानाही तसंच. राजकोटचं किंवा भाईंदरचं पार्सल आलं की पोतं उघडायचं, ओतायचं, मोजायचं.

मी बी. कॉम. करून दुकानात बसायला लागलो आणि लवकरच 2015 चा सिंहस्थ आला. तपोवनात साधुग्राम वसलं. अन्नछत्रांसाठी हातभर लांबीच्या पळ्या, परातीएवढे झारे, दोघांनी उचलायच्या कढया असा माल हलत होता. त्या गर्दीत एक साधू चिमटा घ्यायला आले. आमच्याकडे पोळीचे चिमटे होते, तेच मी त्यांच्यापुढे टाकले. त्यांनी एक उचलला, बाकाशी धरला, टोकं मिटून दिव्याकडे करून बघितली, मग सोडून नखाने वाजवला. खाली ठेवला. दुसरा. खाली ठेवला. असे अकरा चिमटे बघून ते काही न बोलता निघून गेले. वडील म्हणाले, ‘त्यांना धुनीला लागतो, आपला कसा चालेल!’ खरं होतं. पण दहा-वीस रुपयांची वस्तू माणूस इतकी निरखून घेऊ शकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढच्याच पावसाळ्यात, 2 ऑगस्ट 2016 ला, गोदावरी बाजारात आली. नाशिककर पूर मोजतात तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असे निरोप येत राहतात आणि त्या मानाने आम्ही खालच्या फळीवरचा माल वर चढवत जातो. त्या दिवशी मारुती दिसेनासा झाला आणि आमच्या वरच्या फळ्या संपल्या. पाणी उतरल्यावर दुकानात ढोपरभर चिखल होता. पातेल्यात पातेली अडकलेली, डब्यांत गाळ, खोक्यांचा लगदा.

स्टीलचं एक बरं असतं, धुतलं की झालं. घरची सगळी माणसं आणि दोन भाचे मिळून चार दिवस आम्ही भांडी धूत होतो. सांडश्याही धुतल्या, वाळवल्या, पोत्यात भरल्या. आठवड्याने पोतं उघडलं तर जवळजवळ प्रत्येक सांडशीच्या मधोमध, दोन पाती जोडणाऱ्या रिपीटाभोवती, तपकिरी कडं. पाती चकचकीत आणि सांधा गंजलेला. खिशातलं लोहचुंबक लावलं. पात्याला चिकटेना, रिपीटाला टपकन चिकटलं. ‘शुद्ध स्टील’ म्हणून विकलेल्या मालात सगळा भार ज्या एका खिळ्यावर, तो खिळा लोखंडाचा होता.

मग मला आदल्या दिवाळीतल्या एक काकू आठवल्या. हाताला पट्टी बांधून आल्या होत्या. दुधाचं पातेलं उतरवताना फिरलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. वडिलांनी त्यांना बसवलं, चहा दिला, सांडशी बदलून दिली. त्या गेल्यावर आम्ही दोघेही म्हणालो होतो, धरायला चुकल्या असतील. ती जुनी सांडशी खोक्यात तशीच पडून होती. मी कानशीने तिचं रिपीट कापून काढलं. आत खिळा एका बाजूने झिजलेला आणि पात्याचं भोक लांबट झालेलं. त्या चुकल्या नव्हत्या. त्यांच्या घरी जाऊन मी हे सांगून आलो. त्यांनी फार काही ऐकवलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुराचा सगळा सांडशीमाल आम्ही मोडीत घातला आणि काउंटरवर पातेलं आलं.

आता थोडं सांडशीबद्दल, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांडशी हातात घेतली की आधी ती मिटू नका, आडवी हलवा. एक पातं दुसऱ्यावर डावी-उजवीकडे सरकत असेल तर रिपीट सैल आहे आणि भरलेलं भांडं त्याच दिशेने फिरणार. मग जबड्यात वर्तमानपत्राचा कपटा धरून दुसऱ्या हाताने ओढा. कपटा सुटला तर जबडे पूर्ण मिटत नाहीत. जाड अॅल्युमिनियमच्या टोपाला अशी सांडशी चालून जाते, पण स्टीलच्या पातळ काठावरून ती घसरते. तिसरं म्हणजे मूठ. काठ पकडलेला असताना दोन दांड्यांमध्ये फट राहिली पाहिजे. दांड्या एकमेकींना टेकत असतील तर तुमचा सगळा जोर दांड्यांवरच जातो, काठावर नाही. आणि फट फार मोठी असेल तर लहान हाताच्या बाईची बोटं पोचत नाहीत. म्हणूनच ज्याला स्वयंपाक करायचा आहे त्यानेच यावं. नवऱ्याला पाठवलं की तो हमखास सगळ्यात मोठी नेतो.

पत्रा दाबून केलेल्या दांड्यांच्या कडा आत वळवलेल्या आहेत का, तेवढं अंगठा फिरवून बघा. अॅल्युमिनियमच्या सांडश्या हलक्या असतात, पण स्टीलच्या मानाने अॅल्युमिनियममधून उष्णता चौदा-पंधरा पटीने जास्त पळते. आमटी उतरवेपर्यंत मूठ तापते. आणि लोहचुंबकावर फार विश्वास टाकू नका. पुष्कळ लोक घरून चुंबक घेऊन येतात, चिकटलं नाही की खूश होतात. पण 304 नंबरचं चांगलं स्टील, ज्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, तेही चिकटत नाही आणि निकेल वाचवून मँगनीज घातलेलं स्वस्त 202 सुद्धा चिकटत नाही. उलट 304 ची पट्टी प्रेसमध्ये जोरात वाकवली तर वाकाशी चुंबक जरा ओढतो. चुंबकाने पात्याची जात कळत नाही. लोखंडाचं रिपीट मात्र कळतं, तेवढ्यासाठी तो खिशात असावा.

हेही सांगून टाकतो, कारण दुकानात सांगितलं की लोक हसतात. पाच लिटरचं भरलेलं पातेलं एका सांडशीने उचलू नये, सांडशी कितीही चांगली असो. एका बाजूने धरल्यावर पाच किलोचा झोक मनगटावर येतो. दोन घ्या, दोन्ही बाजूंनी धरा. हो, यात आमची एक सांडशी जास्त खपते.

अशी सांडशी बाजारात मिळेना म्हणून नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत एका लहान वर्कशॉपवाल्याला गाठलं. तो गाड्यांचे सुटे भाग करायचा. सांडशी म्हटल्यावर त्याला आधी थट्टा वाटली. डाय, म्हणजे साचा, बनवायचा खर्च ऐकून वडिलांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पहिली दोनशे नगं आली ती इतकी घट्ट की उघडायला दोन हात लागत. दुसऱ्या खेपेला रिपीट स्टीलचं आणि भरीव, पण वर्कशॉपच्या सवयीने दातऱ्या एवढ्या धारदार काढल्या की पातेल्याच्या काठावर ओरखडे. आई ती वापरायला तयार होईना. ‘माझ्या टोपाला उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय,’ म्हणाली. तिसरी खेप जमली. तीच आजही चालू आहे.

सांडशीमुळे मग बाकीच्या हत्यारांकडेही बघायची नजर आली. डाव घेतला की त्याची दांडी वाटीला जिथे जोडली आहे तिथे डाग मोजतो. वेल्डिंगचा एकच ठिपका असेल तर वर्षभरात दांडी गोल फिरायला लागते, दोन असतील तर टिकते. झाऱ्याची भोकं कशासाठी आहेत ते विचारतो, कारण भजी काढायचा झारा आणि बुंदी पाडायचा झारा वेगळा. पोळीच्या चिमट्याची टोकं बोथट हवीत, नाहीतर फुलका फुगायच्या आधीच फाटतो. पापडाला टोक रुंद लागतं. मिसळवाले येतात त्यांना तर्रीसाठी खोलगट नाही, उथळ पळी हवी असते, वरचा लाल तवंग तेवढाच उचलला गेला पाहिजे. आणि उलथणं! नागपूरची सून सराटा मागते, कोकणातली कालथा म्हणते, आम्ही उलथणं म्हणतो, खानदेशची गिऱ्हाइकं खापरावरचे मांडे उचलायला पातळ आणि रुंद असं काहीतरी हाताने हवेत काढून दाखवतात. नॉनस्टिक तव्याला धातूचं देत नाही, लाकडी देतो. नायलॉनचं मी ठेवतच नाही. तव्यावर विसरलं की टोक वितळतं आणि बोलणी दुकानदाराला बसतात.

2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा भांडी आणि चमचे दोन्ही 12 टक्क्यांत होते. 18 जुलै 2022 पासून पळ्या, डाव, चमचे, सुऱ्या 18 वर गेले, पातेलं 2025 पर्यंत 12 वरच राहिलं. पातेल्यावर 12 आणि त्यातली आमटी वाढायच्या डावावर 18, हे मी आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला. नंतर सोडून दिला.

2020 मध्ये टाळेबंदीत दुकान बंद असताना मी घरच्या ओट्यावर पातेलं ठेवून सांडशीचे व्हिडिओ काढले आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना पाठवले. त्यांनी आपापल्या नातेवाइकांना. आता न्यू जर्सीत आणि पुण्यात सारखीच पार्सलं जातात. परदेशातल्यांची यादी ठरलेली असते. सांडशी, सोऱ्या, मोदकपात्र, फोडणीची पळी. तिकडे भांड्यांना कान आणि मुठी असतात, तरी सांडशी लागतेच, कारण नेलेली पातेली आपलीच असतात. त्यावर नाव घालून द्या म्हणतात. नाव घालायचं मशीन वडील चालवतात, त्यात मला हात लावू देत नाहीत. माझं अक्षर चांगलं नाही म्हणे.

आमच्या सांडशीचं रिपीट सैल झालं तर आम्ही फुकट ठोकून देतो. वर्षाला मोजकीच परत येतात. त्या भाजलेल्या काकूंची मात्र अजून आलेली नाही. मध्यंतरी भेटल्या तेव्हा मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘हलत नाही रे, पण मी अजून फडकंच घेते.’

सिंहस्थ पुन्हा जवळ आलाय. अन्नछत्रवाल्यांचे फोन सुरू झालेत, झाऱ्यांचे भाव विचारतात. मी अंबडहून एक चिमटा वेगळा करून आणलाय. हातभर लांब, टोकं मिटली की पलीकडचा दिवा दिसत नाही. तो विकायचा नाही, गल्ल्यामागे टांगून ठेवलाय. वडील येता-जाता त्याला टिचकी मारतात आणि म्हणतात, अजून जरा बसकाच वाजतो.