ड्रायव्हरने बोंब कधी मारायची?
आज बडोद्यात ऑफिसात दिवसभर एकच वाद: सेन्सरच्या लिनक्स ड्रायव्हरने (सेन्सर चालवणाऱ्या कोडने) लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, काय लिहायचं. नवीन पोरगा कोडमधल्या प्रत्येक इफमध्ये डेव्ह-एरर (लॉगमध्ये एरर छापणारी ओळ) टाकून मोकळा! म्हटलं, अरे बाबा, मेमरी मिळाली नाही तर कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच बोंबलतो, तू कशाला? प्रोब डिफर, म्हणजे 'आत्ता नाही, नंतर पुन्हा सुरू करून बघ', ही तर एररच नाही. सेन्सरला वीज देणारा रेग्युलेटर अजून तयार नाही, एवढंच. आयटूसीवर (चिपशी बोलायच्या तारांवर) उत्तर आलं नाही तर मात्र रजिस्टर (चिपमधली कुठली जागा) आणि एरर कोडसकट लिही. नुसतं 'फेल्ड' वाचून रात्री दोनला कुणाला काय कळणार? आणि इंटरप्टमधला (हार्डवेअरने हाक मारली की चालणाऱ्या कोडमधला) मेसेज रेटलिमिटेडच हवा, म्हणजे ठरावीक वेळात ठरावीकच (डीफॉल्टला 5 सेकंदांत 10). नाहीतर लॉगची दांडिया बाजारातली गणपतीची मिरवणूक होते, कोण काय बोलतंय पत्ता नाही. तोंड वाकडं करत त्याने अर्धे मेसेज डीबगमध्ये (एरवी लपलेल्या मेसेजांत) ढकलले. उरलेल्यांवर उद्या भांडू.