लाल पेशी गेल्या कुठे?

आमच्या लॅबमध्ये अक्कलदाढा येतात त्या दंतमहाविद्यालयाच्या ओपीडीतून. काढलेली दाढ एरवी कचऱ्यातच जायची. आम्ही ती फोडून आतला मऊ पल्प काढतो आणि त्यातल्या स्टेम सेल वाढवतो. कर्करोगाची गाठ असेल तिकडे आपणहून सरकायची या पेशींना खोड असते. म्हणून त्यांच्यात आम्ही हर्पिस विषाणूचं थायमिडीन कायनेज या एन्झाइमचं जनुक घातलं होतं. ते असलेल्या पेशीत गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध गेलं की त्याला फॉस्फेट लागून त्याचं विष बनतं आणि पेशी मरते. स्टेम सेल कधीकधी गाठीलाच खतपाणी घालतात, त्यामुळे काम झाल्यावर त्या मेलेल्याच बऱ्या.

शुक्रवारी औषध घालून गेले होते. सोमवारी पहिली डिश मायक्रोस्कोपखाली घेतली. जिभेच्या कर्करोगाच्या पेशी लाल, आमच्या हिरव्या, दहात एक हिरवी. हिरव्या संपणार हे ठरलेलंच होतं, पण लालही जवळजवळ नाहीशा! शेजारच्या पेशीही मरतात हे शोधनिबंधांत वाचलेलं, तरी मी आधी लेबलच तपासलं. दुसऱ्या डिशमध्ये प्रमाण तेच, फक्त लाल आणि हिरव्यांच्या मध्ये सच्छिद्र पडदा. तिथे लाल पेशी मजेत वाढत होत्या. म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात पसरून विष काम करत नव्हतं. फॉस्फेट लागलेलं औषध पेशीबाहेर सहज पडत नाही. ते जातं दोन पेशी चिकटल्यावर त्यांच्यात तयार होणाऱ्या बारीक वाटांनी, आणि त्या वाटा कनेक्सिन या प्रथिनाच्या असतात.

दुपारी आमचे सर्जन सर आले. तंबाखू-मिसरीने गेलेले जबडे काढण्यात त्यांचा आठवडा जातो. शिरेतून दिलेल्या पेशी बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात, हे मी सांगत होते.

“अगं, तोंडातली गाठ समोर दिसते. थेट टोच की!”

मुद्दा रास्त होता. चीनमध्ये २००३ साली मंजूर झालेलं जेंडिसिन, म्हणजे विषाणूत घातलेलं पी५३ हे कर्करोगाला आवर घालणारं जनुक, डोक्या-मानेच्या कर्करोगात गाठीतच टोचतात. पण मला लोभ आहे तो कडेच्या पेशींचा. सरांनी कितीही रुंद कापलं तरी पलीकडे चारदोन उरतात, तिथे सुई कुठे टोचायची हेच कळत नाही. सरकणारी पेशी तिथवर जाऊ शकेल.

“गेली, पण वाटच जुळली नाही तर?”

मी त्यांना पडद्याची डिश दाखवली. तोंडाच्या कर्करोगात कनेक्सिन बऱ्याचदा कमी झालेलं असतं, ही खरी अडचण. आता सरांकडच्या काढलेल्या गाठींचे काप कनेक्सिन-४३ साठी रंगवून बघायचं ठरलंय. एथिक्स कमिटीचा अर्ज अर्थात माझ्याच गळ्यात.