रस तापतो तेव्हा अणू काय करतात?

"धातू वितळला की अणू मोकाट सुटतात ना? मग रस आणखी तापवून त्यांच्या मांडणीत बदलायला उरतं काय?" पदार्थविज्ञान शिकवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो.

मुळात ते मोकाट सुटतच नाहीत. ॲल्युमिनियम घ्या. घन असताना प्रत्येक अणूला अगदी लगतचे 12 शेजारी असतात. 660 अंश सेल्सिअसला तो वितळतो, तरी सरासरी 11च्या आसपास शेजारी असतातच. रसावर क्ष-किरण सोडून, एका अणूपासून किती अंतरावर किती दाटीने दुसरे अणू सापडतात याचा आलेख काढतात, त्यात हे उघड दिसतं. एका अणूपासून बाहेरच्या दिशेने निघालं की सुमारे 2.8 अँगस्ट्रॉमवर उंच शिखर लागतं. (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) पुढे एक बसकी टेकडी, मग त्याहून बसकी, आणि शेवटी सपाट रेघ. जवळ शिस्त आहे, लांबवर नाही.

आता तापमान वाढवा. लांबच्या टेकड्या विरत जातात, पहिलं शिखर बुटकं आणि रुंद होतं. पण ते जागचं फारसं हलत नाही! तापवलं की अणू एकमेकांपासून लांब जातात, हे शाळेतलं वाक्य इथे दिशाभूल करतं. रस फुगतो हे खरंच, पण तो मुख्यतः लगतचे शेजारी कमी झाल्यामुळे. 2013मध्ये तर ॲल्युमिनियम, कथील, जस्त अशा धातूंच्या रसात तापमान वाढताना हे शिखर किंचित आतच सरकल्याचं प्रसिद्ध झालं. शिखर एका बाजूला कललेलं असल्यामुळे तसं दिसतं, असा त्यावर आक्षेप आहे आणि मला तो वजनदार वाटतो.

मला स्वतःला याहून मोलाची वाटते ती उलटी वाट, म्हणजे रस थंड करत जाणं. 1950च्या सुमारास शास्त्रज्ञ टर्नबुल यांनी दाखवलं की निकेलचे बारीक थेंब वितळणबिंदूच्या खाली 300 अंशांपर्यंत गेले तरी गोठत नाहीत. का? 1952मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक यांनी तर्क मांडला: एका अणूभोवती 12 अणू वीस त्रिकोणी पृष्ठांच्या आकृतीत बसले, तर ऊर्जा स्फटिकातल्या रचनेपेक्षा कमी लागते. मात्र या आकृतीत पाचाची सममिती आहे (पूर्ण फेरीच्या पाचव्या भागाने फिरवली तरी ती तशीच दिसते), आणि अशा आकृत्या शेजारी शेजारी रचून जागा फटींशिवाय भरता येत नाही. म्हणून स्फटिक व्हायचं तर आधी ही मांडणी मोडावी लागते.

पुरावा मिळायला 2003 उजाडलं. टायटॅनियम, झिर्कोनियम आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा थेंब विद्युतक्षेत्रात अधांतरी ठेवला, म्हणजे भांड्याच्या भिंतीचा स्पर्शच नको. थेंब निवत गेला तशी क्ष-किरणांत वीस पृष्ठांच्या मांडणीची खूण ठळक होत गेली, आणि गोठताना स्थिर स्फटिकाच्या आधी त्याच सममितीचा अर्धस्फटिक (शिस्तबद्ध, पण ठरावीक अंतराने तीच मांडणी पुन्हा न येणारा घन) तयार झाला.