कूस बदलल्याचा तक्ता

इंदूरमधल्या एका खासगी वृद्धाश्रमात मी आठवड्यातून तीनदा ड्रेसिंगला जाते. रामबागेतल्या एक आजी तिथे होत्या. मराठी बोलणारी सिस्टर म्हणून माझी वाट बघायच्या.

बुधवारी त्यांना कुशीवर घेऊन माकडहाडावरच्या, सतत पडून राहून झालेल्या जखमेची (बेडसोअरची) पट्टी काढली. वरून जखम रुपयाएवढी. सलाइनने धुऊन कापसाची काडी आत घातली, तर ती कातडीखाली चहूबाजूंना २-२ सेंटिमीटर शिरली. ही पोकळी वरून दिसतच नाही, म्हणून घरचे "छोटीशीच आहे" म्हणतात. हवेची गादी चालू होती, पण तिच्यावर रबरी शीट आणि चार पदरी चादर. मग गादी असून नसल्यासारखी! टाचेवरची लाली बोटाने दाबून सोडली, ती पांढरी पडेना. म्हणजे तिथेही सुरुवात झालेली.

पलंगाला दर २ तासांनी कूस बदलल्याचा तक्ता होता. सकाळचे ११ वाजले होते. खुणा मात्र त्याच दिवशीच्या संध्याकाळच्या ६ पर्यंत आधीच करून ठेवलेल्या!

मी रात्रपाळी संपवून निघालेल्या आयाला फाडफाड बोलले. ती म्हणाली, "दीदी, रात में बाईस लोग हैं, मैं अकेली."

न घासता वळवायला चादर दोन्हीकडून धरणारी दोन माणसं लागतात. एकटीने ओढलं की कातडी गादीला चिकटून राहते, आतलं हाड सरकतं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मी एवढंच सांगितलं, "जमलं नाही तर चौकट रिकामी ठेव, खोटी खूण करू नकोस."

तिने ऐकलं. शुक्रवारी गेले तर तिच्या जागी नवी मुलगी. रिकाम्या चौकटी दाखवून आधीच्या आयाला काढून टाकलं होतं. नवीच्या तक्त्यात सगळ्या खुणा जागच्या जागी, आणि जखम अर्ध्या सेंटिमीटरने वाढलेली.

आजींचा मुलगा पैसे वेळेवर भरतो. जागा ठरवताना त्याने एसी बघितला, कॅमेरे बघितले. रात्री माणसं किती, हे विचारलं नाही. कुणीच विचारत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक निराधारांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाचं कलम आहे. रात्री किती हात हवेत, याचा आकडा त्या कलमात नाही.

मुलाला मी जखमेचं माप सांगितलं आणि रात्री २ वाजता न कळवता या, असंही सांगितलं.

त्या आयासाठी दोन ठिकाणी शब्द टाकलाय. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच आला: आधीचं काम का सुटलं?