शेवटी खेळाचे यंत्रच घेतले

आज घरचा ब्लू-रे (जास्त स्पष्ट चित्राच्या चित्रपटांच्या डिस्क) प्लेअर न्यू जर्सीतल्या दुकानात परत देऊन, ब्लू-रे डिस्कही चालवणारे खेळाचे यंत्र, प्लेस्टेशन ३, आणले. आधीच्या प्लेअरमध्ये डिस्क घातल्यावर पडद्यावर काही दिसेपर्यंत चहा उकळून होत असे. पण त्याहून त्रासाची गोष्ट ही होती की, नव्या डिस्क चालाव्यात म्हणून फर्मवेअर (यंत्रातले अंगभूत सॉफ्टवेअर) बदलावे लागे आणि प्लेअरला इंटरनेटची जोडणीच नसल्यामुळे ते संगणकावर उतरवून सीडीवर लिहून घ्यावे लागे. चित्रपट पाहण्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

ब्लू-रेशी स्पर्धा करणाऱ्या एचडी डीव्हीडी या डिस्कच्या प्रत्येक प्लेअरला नेटवर्कची जोडणी पहिल्यापासून सक्तीची होती, आणि डिस्कच्या एका थरावर ब्लू-रेच्या २५ जीबीऐवजी १५ जीबीच मावत असले तरी मला तो विचार अधिक शहाणपणाचा वाटतो; मात्र १९ फेब्रुवारी २००८ रोजी एचडी डीव्हीडीची मुख्य कंपनी तोशिबाने माघार जाहीर केल्यावर तो पर्याय उरला नाही.

प्लेस्टेशनवर डिस्क झटकन सुरू होते, आणि मार्च २००८ मधील अपडेटमुळे प्रोफाइल २.० (ब्लू-रेची इंटरनेटवरून जादा मजकूर मिळवण्याची सोय) सुद्धा नवे यंत्र न घेता मिळाले. त्याला रिमोटचे इन्फ्रारेड संकेत घेण्याची सोय नसल्याने घरातला रिमोट मात्र चालत नाही. ब्लूटूथचा वेगळा घ्यावा लागणार.