आमची वाटचाल : मोडीच्या पोत्यातून निघालेला नाण्यांचा धंदा

धुळ्यात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आजोबांपासूनचं. जुनी भांडी मोडीत यायची आणि त्या पोत्यात घागरी-तपेल्यांबरोबर मधूनच शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, एक ती शिवराई), ईस्ट इंडिया कंपनीचे पैसे, क्वचित मोगलांचा तांब्याचा जाडजूड दाम, सगळं किलोच्या भावात. आमचे दादा म्हणजे वडील ही नाणी निवडून डब्यात टाकायचे, गाळायला पाठवणं त्यांच्या जिवावर यायचं. 2008 च्या सुमारास मी ते डबे उघडले, दुकानातच एका बाजूला टेबल, भिंग आणि सराफाचा काटा मांडला आणि कामाला लागलो. आज बायको फोटो आणि कुरिअर बघते, भाचा हिशोब बघतो, नाणं तपासायचं काम मात्र माझ्याकडेच आहे.

तेव्हाच ठरवलं की खराब झालेलं तांबं नीट तपासून विकायचं. चांगल्या नाण्याला गिऱ्हाईक मिळतंच हो, पण आपल्याकडे खेड्यापाड्यातून येणारी बहुतेक तांब्याची नाणी भोकाची, ठोकलेली, हिरवी पडलेली असतात आणि लोक दारात उभे राहून विचारतात, "भाऊ, हाई कितलाले जाई?" त्यांना योग्य भाव सांगायचा आणि पुढे घेणाऱ्यालाही फसवायचं नाही, म्हणजे नाणं वाचता आलंच पाहिजे.

आमची पद्धत अशी, आधी अक्षर बघायचं आणि मग अंग. अक्षर म्हणजे ठसा किती झिजलाय, भोक, खड्डे, ओरखडे सगळं बाजूला ठेवून फक्त तेवढंच. अंग म्हणजे बाकीचं सगळं नुकसान. दोन्हीचा एकदम विचार केला की डोळा फसतो, भोक दिसलं की माणूस सरळ भंगारात काढतो, मग भले अक्षरं सुरेख का असेनात.

शिवराईत हे फार महत्त्वाचं. पुढे तीन ओळीत श्री राजा शिव, मागे छत्र पति, पण ठसा हातोड्याने मारायचा आणि तो तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं बसायचीच नाहीत. "श्री" चकतीबाहेर गेला असेल तर ती झीज नाही. झिजलेला भाग सपाट, गुळगुळीत लागतो, आणि जिथे ठसा उमटलाच नाही तिथे चकतीचा मूळ खरखरीतपणा राहतो, भिंगाखाली नाणं तिरपं धरून बघा, फरक कळतो. कडेची चीरसुद्धा पुष्कळदा घाव बसताना पडलेली असते, तिचे पैसे मी फार कापत नाही. वजन नाण्यागणिक बदलतं म्हणून काट्यावरून शिवराईचा फारसा निकाल लागत नाही. कंपनीच्या पैशाचं उलट. 1835 चा पाव आणा यंत्रावरचा, वजन ठरलेलं 100 ग्रेन, म्हणजे 6.48 ग्रॅम. काट्यावर बरंच कमी भरलं तर झिजेने, गंजाने नाहीतर ॲसिडने तांबं खाल्लंय, ते खड्डे मग भिंगात शोधायचे.

अंगाचं नुकसान ग्रेडमधून, म्हणजे नाण्याच्या प्रतीतून, वजा करायची रीत अमेरिकेतल्या तांब्याच्या संग्राहकांकडून घेतली. तिथे 1793 पासून तांब्याचे मोठे सेंट निघाले, त्यांच्यासाठी विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये 1 ते 70 आकड्यांचं माप मांडलं (आकडा जितका मोठा तितकं नाणं चांगलं), आणि त्या सेंटचे जाणकार आधी झिजेचा आकडा लावतात आणि मग नुकसानीप्रमाणे खाली उतरवतात. म्हणजे अक्षर व्हेरी फाइन 20 चं पण अंगावर बारीक खड्डे, तर ते नेट, म्हणजे नुकसान वजा जाता, फाइन 12 धरायचं. किती उतरवायचं ते हाताला सवयीने कळतं, पक्कं कोष्टक नाही. आम्ही पाकिटावर दोन्ही लिहितो, "अक्षर व्हेरी फाइन, वरच्या बाजूला भोक, नेट फाइन". गिऱ्हाईक टिकलं ते या पाकिटावरच्या ओळीमुळे असं मला मनापासून वाटतं.

भोकाबद्दल अजून एक. 1943 ते 47 चा मधे भोक असलेला पैसा टाकसाळीतूनच तसा आलाय, युद्धात धातू वाचवायला, तो खराब नाही. घरी खिळ्याने पाडलेल्या भोकाला मागे काठ उचललेला असतो, बोट फिरवलं तरी कळतं.

सगळ्यात जास्त जपावं लागतं हिरव्याला. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर हा नाण्याचं संरक्षण करतो, त्याला हात लावू नका. पण फिकट हिरवी भुकटी, टूथपिकने टोचली की सुटणारी, ती म्हणजे रोग. तांब्यातलं क्लोराइड दमट हवेत पुन्हा पुन्हा ॲसिड बनवतं आणि नाणं आतून पोखरत जातं. असं नाणं आम्ही लगेच वेगळं ठेवतो, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पाणी बदलत राहतो, पूर्ण सुकवतो, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात तर तांबं ठेवूच नका, त्यानेही हिरवा चिकट थर येतो.

आणि चिंच-मीठ! घरातली माऊली प्रेमाने घासून गुलाबी चकचकीत करून आणते आणि शेकडो वर्षांचा थर सिंकमध्ये गेलेला असतो. त्या नाण्याचं अक्षर तेच राहतं, नेट ग्रेड मात्र खाली येते, तिला समजावून सांगताना खरंच वाईट वाटतं.

व्हिडिओ बघून राम दरबारवाली 1818 ची "कंपनीची नाणी" घेऊन येणारेही बरेच. कंपनीने असलं नाणं कधी पाडलं नाही, ते आम्ही घेत नाही. शेतात नांगराला हंडा लागला असेल तर तोही आमच्याकडे आणू नका, 1878 च्या कायद्याप्रमाणे आधी कलेक्टरला कळवायचं असतं.

सध्या भाचा शिवराईच्या अक्षरवळणांचे फोटो लावतोय, दुदांडी नावाच्या शिवराईवरच्या दोन रेघा, "छ" चे वेगवेगळे आकार, सगळं खराब नाण्यांवरूनच, कारण एका नाण्यावर "राजा" शाबूत असतो तर दुसऱ्यावर "पति", चार मोडकी नाणी जुळवली की अख्खा ठसा दिसतो. घरात जुनं तांबं असेल तर दुकानात दाखवायला आणा, बघायचे पैसे घेत नाही, फक्त धुवून आणू नका.